आचारसंहिता आणि सासऱ्यांचा बुलबुल

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. को लेंगच्या कोपीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानात बुधवारी सकाळी मी ती पहिल्यांदा सांगितली, तेव्हाही हेच सांगून सुरुवात केली होती. असं म्हटलं की लोक निमूट ऐकतात. 'अगदी खरं सांगतो' म्हटलं की लगेच घड्याळ बघायला लागतात.

दृश्य असं होतं. दुकानातलं ते नेहमीचं गोल टेबल. एका बाजूला मी. समोर माझे सासरे, ता प्राप, म्हणजे प्राप आजोबा, वय शहाऐंशी, त्याच पहाटे भिक्षूची वस्त्रं उतरवून देवळातून थेट इथे आलेले. डोकं तुळतुळीत, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे भुवयाही उतरवलेल्या. भुवया नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. तो रागावलाय, की हसू दाबतोय, की कोपीने जीभ भाजली आहे, सगळ्याला चेहरा एकच. आणि आमच्या दोघांच्या मध्ये तिसऱ्या खुर्चीवर पिंजरा. रिकामा.

को लेंगने माझ्यासमोर कोपी ठेवली, पिंजऱ्यात वाकून बघितलं, दांडीखाली बघितलं, पाण्याच्या वाटीत बघितलं, जसा काही बुलबुल पोहायला गेला असेल. मग फडकं खांद्यावर टाकून तिथेच उभा राहिला. पलीकडच्या टेबलावर फिनित गुरुजी वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते खाली घेतलं. आमचा शेजारी पी योत भाजलेल्या डुकराचा तुकडा हातात धरून थांबला. सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"फालान कुठाय?"

फालान म्हणजे सासऱ्यांचा शिपाई बुलबुल. काळा तुरा, लाल गाल, छाती पुढे काढून बसणारा. त्रांग जिल्ह्यापासून पत्तलुंगपर्यंत ज्या ज्या मैदानात बुलबुलांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात, तिथे तिथे त्याने बक्षिसं घेतलेली. घरात माझा एकही फोटो भिंतीवर नाही. त्याचे चार आहेत.

तर झालं होतं असं. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ते बोलून बसले होते, की नीट दिसायला लागलं तर पंधरवडाभर भिक्षू होऊन राहीन. पट्टी सोडली, दिसायला लागलं. पहिल्यांदा त्यांना दिसलो तो मी. "हा एवढा म्हातारा कधी झाला?" असं त्यांनी माझ्या बायकोला, सुमालीला, विचारलं आणि नवस फेडायच्या तयारीला लागले.

प्रश्न उरला फालानचा. देवळात भिक्षूने स्पर्धेचा पक्षी घेऊन बसणं बरं दिसत नाही. गल्लीत बुलबुल पाळणारे पुष्कळ, पण ते सगळे प्रतिस्पर्धी. कोणी त्याला नको ते खायला घालील, कोणी मुद्दाम बेसूर पक्ष्याशेजारी टांगील. "ज्याला पक्ष्यातलं काही म्हणजे काही कळतं, त्याच्या हाती मी हा देणार नाही," असं सासऱ्यांनी जाहीर केलं. मग त्यांची नवी कोरी नजर घरातल्या माणसांवरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

ह्यात अपमान किती आणि विश्वास किती, ह्याचा हिशोब मी अजून करतो आहे. तीस वर्षं मी ह्या घरचा जावई. हॉलंडमध्ये माझं नाव बार्ट होतं. इथल्या जिभेला ते शेवटपर्यंत नेता येत नाही, म्हणून मी झालो लुंग बात, म्हणजे बात काका. बात म्हणजे इथलं चलन. तीस वर्षांत माझा भाव घसरतच आला आहे. ह्या घराने माझ्यावर टाकलेली सर्वांत मोठी जबाबदारी म्हणजे हंगामात ड्यूरियनची काटेरी फळं उचलून गाडीत ठेवणं, आणि तेही दर वेळी "हळू, देठाला धरून" असं ऐकून. अशा माणसाच्या हातात सासऱ्यांनी आपल्या हाताने तो पिंजरा दिला. कोरीव लाकडाचा, वर लाल मखमलीची खोळ. मी मनाशी ठरवलं: पंधरवड्याने हा पक्षी असाच, गाता, ह्याच पिंजऱ्यात त्यांच्या हातात द्यायचा. तेवढं जमलं तर ह्या घरात मी माणसांत जमा होईन. नाही जमलं तर उरलेलं आयुष्य देठच धरायचे.

सासऱ्यांचं मुंडण झालं, ते देवळात गेले, आणि लगेच सल्लागार आले.

पी योत म्हणाला, केळं फक्त सकाळी द्यायचं. त्याची बायको म्हणाली, सकाळी दिलं तर पक्षी सुस्तावतो, संध्याकाळी द्यायचं. कोणी म्हणालं टोळ द्या, कोणी म्हणालं टोळाने आवाज जाड होतो. आंघोळ दुपारी घालावी की उन्हाआधी, ह्यावर माझ्याच अंगणात दोघांचं भांडण झालं, आणि ते मिटवायला मलाच सरबत करावं लागलं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी एकमुखाने सांगितली: बुलबुलाच्या कानावर वाईट आवाज पडू द्यायचा नाही. टीव्ही नको, भांडण नको. "आणि लुंग बात," पी योत फार मायेने म्हणाला, "तुम्ही आंघोळ करताना गाता ना, ते."

शेवटी फिनित गुरुजी आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. कायद्याचं पुस्तक त्यांना तोंडपाठ आहे आणि दुसऱ्याला अडचणीत बघितल्याशिवाय त्यांना ते आठवत नाही. त्यांनी फाटकातूनच विचारलं, की ह्या पक्ष्याचा ताबा सध्या कायद्याने कोणाकडे आहे? मी म्हटलं, माझ्याकडे. गुरुजी म्हणाले, तसं कसं? हा संरक्षित पक्षी. परवाना ता प्राप यांच्या नावावर. ताबा बदलला की कळवावं लागतं.

मी मोटरसायकलवर बसून वन्यजीवांच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई फार गोड होत्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, जेवलात का विचारलं. मग म्हणाल्या, परवानाधारकाची सही आणा. मी म्हटलं, ते सध्या भिक्षू आहेत. बाईंनी लगेच हात जोडले, पुण्य लाभो म्हणाल्या, आणि पेन खाली ठेवलं. कारण भिक्षू झालेल्या माणसाला नवं नाव मिळतं. परवान्यावरचे नाय प्राप, म्हणजे श्रीयुत प्राप, नावाचे गृहस्थ आजच्या तारखेला अस्तित्वातच नाहीत, तर सही कोण करणार? मी म्हटलं, मग माझं नाव घाला. त्या इतक्या हळुवार हसल्या, की मला तीस वर्षांनी पुन्हा एकदा मी परका असल्याचं कळलं. शेवटी मी विचारलं, तर मग पंधरवडाभर पक्षी कोणाच्या ताब्यात? बाईंनी खूप विचार केला. म्हणाल्या, "कोणाच्याच नाही. पण दार नीट लावून ठेवा."

मी घरी परत आलो, तर कोणाच्याच ताब्यात नसलेल्या त्या पक्ष्याने गाणं बंद केलं होतं.

आधी मला वाटलं, दमला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, सासऱ्यांची आठवण येत असेल. मग मला धडकी भरली. मुका बुलबुल परत करणं म्हणजे फुटका रेडिओ परत करणं. मी त्याच्यासमोर केळं सोललं, टोळ धरले, हात जोडले. जुन्या स्पर्धांचं रेकॉर्डिंग लावलं. त्याने स्वतःचाच आवाज जरा वेळ ऐकला आणि माझ्याकडे पाठ केली. मला पाठ दाखवणारे ह्या घरात आधीच कमी नव्हते.

पी योतने निदान केलं, की पक्षी एकटा पडला आहे. मागच्या अंगणात त्याला काय दिसणार, रबराची झाडं? त्याला पुढे टांगा, रस्त्यावर, जिथे चार लोक येतात जातात. मी पुढच्या खांबावर पिंजरा टांगला. समोर शेवयांची गाडी, तिथे माणसांची ये-जा, मन रमायला उत्तम जागा. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. दोन नंबरचा उमेदवार थावोन, सिमेंटचा दुकानदार, त्याची प्रचाराची गाडी गावभर हिंडून त्याच शेवयांच्या गाडीपाशी विसावा घ्यायची. ड्रायव्हर खाली उतरून खायला बसायचा. कर्णा चालूच राहायचा.

*दोन, दोन, नंबर दोन,*
*थावोन, थावोन, दुसरा कोण?*

हे थावोनच्या मेहुणीने म्हटलं होतं. निवडणूक आयोग पुष्कळ गोष्टींवर बंदी घालतो, मेहुण्यांवर घालत नाही.

पिंजरा पुढे टांगल्यापासून तिसऱ्या सकाळी मी दात घासत असताना फालान गायला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रश तोंडात तसाच ठेवून मी सुमालीला हाक मारली. ती आली, ऐकलं, आणि म्हणाली, "हे तर थावोनचं आहे."

होतं. शब्द नव्हते, बुलबुल तो, पण चाल अशी बिनचूक की शब्द आपोआप ऐकू यायचे. शेवटच्या 'कोण'वर तर मेहुणीसारखाच किंचित चिरकायचा.

इथे दुकानात थोडी हालचाल झाली. को लेंगने सासऱ्यांना सांगितलं, "हे मात्र खरं, ता. मी सायकलवरून जाताना ऐकलं. मी पण पुढचं कडवं म्हणत बाजारापर्यंत गेलो." पी योतनेही मान हलवली. मला बळ आलं. सासरे नुसते म्हणाले, "मग?"

मग काय, गावात बोभाटा झाला. थावोन स्वतः फळांची टोपली घेऊन आला आणि वाकून नमस्कार करून म्हणाला, लुंग, तुमचा पाठिंबा मी विसरणार नाही. मी त्याला समजावत होतो की माझा पाठिंबा नाही, पाठीमागे पक्षी प्रचार करत होता. दुसऱ्या बाजूला पाच नंबरचा उमेदवार चामरत, गेली दोन खेपा हाच सरपंच. त्याची वहिनी बाजारात मासे विकते. तिने सुमालीला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण त्या आठवड्यात आमच्या पिशवीत जे मासे आले, ते मी जन्मात विसरणार नाही. घरात मला वेगळं झोपावं लागलं. माशांमुळे नव्हे, सुमालीच्या मते सगळ्याचं मूळ मी होतो.

आणि फिनित गुरुजी पुन्हा फाटकात उभे राहिले. परदेशी माणसाने इथल्या निवडणुकीत तोंड घालणं गुन्हा आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तोंड माझं नाही, चोच आहे. गुरुजी म्हणाले, पण पिंजरा कोणी टांगला? दर तीन महिन्यांनी कचेरीत जाऊन 'मी अजून इथेच राहतो' असं सांगणारा माणूस मी. त्या दिवशी मला विमानात बसवून परत पाठवल्याचं स्वप्न पडलं. शेजारच्या सीटवर फालान होता, पट्टा बांधून.

उतारा म्हणून मी पक्षी मागे नेला. उपयोग शून्य. मग पी योतच्या डोक्यातून निघालं, की विषावर उतारा विषाचाच. त्याने चामरतच्या ड्रायव्हरला गाठून पाच नंबरची गाडी दुपारभर आमच्या मागच्या कुंपणाशी उभी करवली. फालानने मान तिरकी करून सगळं ऐकलं. संध्याकाळी तो दोन नंबरचं गाणं पूर्ण म्हणायचा आणि शेवटी पाच नंबरच्या गाडीचा भोंगा वाजवायचा, पाचदा.

पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, असं मी दुकानाकडे वळून म्हणालो, आणि सगळ्यांनी नजरा चुकवल्या. दोन आणि पाच. गावातल्या यच्चयावत माणसांनी त्या खेपेला लॉटरीत पंचवीसवर पैसे लावले. आमच्या कुंपणाशी लोक उदबत्त्या लावून जात होते. आला बावन्न. पक्षी खोटा ठरला असं कोणी म्हणालं नाही. सगळे म्हणाले, लुंग बातने त्याला उलटा टांगला असणार.

"मग?" सासरे म्हणाले.

इथपर्यंत सगळं लोकांनी कानांनी ऐकलेलं होतं. इथून पुढचं फक्त मी पाहिलेलं आहे, आणि इथूनच ते अविश्वसनीय होत जातं.

सासऱ्यांनी देवळात जाण्याआधीच शनिवारच्या स्पर्धेत फालानचं नाव घातलं होतं. शेजारच्या पंचायतीत, शाळेच्या मैदानावर. नाव मागे घेतलं तर ता प्रापने माघार घेतली असं झालं असतं. आमच्या गावातलं कोणी तिकडे गेलं नाही, कारण तो मतदानाचा आदला दिवस. त्या दिवशी दोन्ही उमेदवारांकडे योगायोगाने कोणा ना कोणाचं वर्षश्राद्ध निघतं आणि सगळ्या गावाला जेवण असतं. मी एकटा गेलो. मांडीवर पिंजरा, डोक्यावर सासऱ्यांची स्पर्धेची टोपी.

मैदानात लोखंडी दांड्यांवर ओळीने पिंजरे. पंच कानाला हात लावून उभे. भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडतात, ती बुडेपर्यंत जो पक्षी जास्त ताना घेईल तो पुढच्या फेरीत. आणि पाहुणा म्हणून खुर्चीवर कोण बसलेलं? चामरत. पाच नंबर. पक्ष्यांचा जुना शौकीन.

फालानने पहिली फेरी घेतली, दुसरी घेतली. तिसऱ्या फेरीत एका पंचाने हरकत घेतली, की 'नंबर दोन' ही एक तान धरायची की दोन. दुसरा म्हणाला, 'दुसरा कोण' वेगळी धरा. तिसरा थावोनचा साडू होता, तो म्हणाला तिन्ही धरा. वाद वाढला, कोणीतरी पुस्तक आणायला घरी गेलं, अंतिम फेरी रखडली. ती सुरू झाली तेव्हा सहा वाजून गेले होते.

आता मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर काय होतं, हे मी सांगायला नको. दारू बंद, प्रचार बंद. को लेंगसुद्धा त्या वेळी बिअरच्या कपाटावर चादर टाकतो.

वाटी पाण्यात सोडली. मैदान चिडीचूप. आणि फालानने छाती काढली. असा गायला, असा गायला, की माझ्या अंगावर काटा आला. दोन, दोन, नंबर दोन. बाकीचे पक्षी गप्प झाले, नुसते ऐकत राहिले. वाटीसुद्धा, तुम्हाला सांगतो, बुडायचं विसरली. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने हात वर करून सांगितलं, बरं बाबा, देतो त्याला मत. आणि चामरतच्या बाजूला बसलेला एक चष्म्यातला माणूस उठून उभा राहिला. तो निवडणुकीचा अधिकारी होता.

त्याने जाहीर केलं, की आचारसंहितेचा भंग झालेला आहे. प्रचारक कोण? पक्षी. पक्षी कोणाचा? नाय प्रापचा. नाय प्राप कुठे? सध्या अस्तित्वात नाहीत. पिंजरा कोणी आणला? मी. मी कोण? परदेशी नागरिक, म्हणजे मतदार नाही, उमेदवार नाही, टोपीही स्वतःची नाही. अधिकाऱ्याने घाम पुसला. एवढा गुंता त्याच्या नोकरीत कधी झाला नव्हता. शेवटी त्याने तिथल्या तिथे पंचनामा केला, फालानला पहिलं बक्षीस मिळालं असल्याची त्यात सन्मानाने नोंद केली, आणि त्याला पुरावा म्हणून जप्त केलं.

"पक्षी नेला आणि पिंजरा ठेवला?" को लेंगने विचारलं.

"पिंजऱ्याने प्रचार केला नव्हता," मी म्हणालो.

फिनित गुरुजींनी पंचनाम्याची प्रत मागितली. मी म्हटलं, मिळायची आहे. झेरॉक्सचं मशीन मतमोजणीत अडकलं आहे. पी योतने विचारलं, मग हातातून नेला की कसा? मी म्हटलं, सरकारी पिंजऱ्यातून, जीपमध्ये, पुढच्या सीटवर. मागे दोन शिपाई. आता मी थांबायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण सासऱ्यांचा चेहरा तसाच होता, त्या कपाळावर लिहिलेलं काहीच नव्हतं, आणि असा चेहरा समोर असला की माणूस बोलतच सुटतो. मी सांगितलं, की रविवारी मतमोजणी चालू असताना फालान शेजारच्या खोलीत गात होता आणि मोजणारे कारकून चालीच्या ओघात सगळीच मतं दोन नंबरला लिहीत होते. तीनदा फेरमोजणी करावी लागली. थावोन पडला तो त्यामुळेच. नाहीतर तो निवडून येत होता. हरल्यावर तो कचेरीत गेला, खिडकीतून फालानला बघितलं आणि म्हणाला, माझ्याशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहिला तो हा एकटा.

पी योतचं डुकराचं मांस हातातच थंड झालं होतं. को लेंगने डोळे पुसले, अर्थात फडक्यानेच, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"म्हणून बाबा," मी सासऱ्यांना म्हणालो, "काळजीचं काही कारण नाही. दोन वेळा केळं मिळतं. पंखा आहे. सुनावणी झाली की पक्षी परत. फक्त सुनावणीची तारीख अजून पडलेली नाही, आणि कचेऱ्यांचं तुम्हाला माहीतच आहे, वर्ष लागेल, दोन वर्षं लागतील. बुलबुलाचं आयुष्य तेवढं असतं की नाही, ते मला माहीत नाही. पण तो सरकारी इतमामात आहे."

सासऱ्यांनी कोपी संपवली. किटलीतला फिका चहा त्याच पेल्यात ओतून घेतला, पेला गोल फिरवला, प्यायले.

"शनिवारी संध्याकाळी नेला म्हणतोस."

"शनिवारी संध्याकाळी."

"मग रविवारी सकाळी फोनवर मला कोणी गाऊन दाखवलं?" सासरे म्हणाले. "आणि परवा? आणि काल?"

मी कोपीचा पेला उचलला. तो रिकामा होता. तरी प्यायलो.

"मठाधिपती आणि मी, दोघं फोन मध्ये ठेवून ऐकत होतो. रविवारीच मी त्यांना म्हटलं, पक्षी उडालेला दिसतो, जावई शीळ घालतोय. ते म्हणाले, घालू दे, मन लावून घालतोय. परवा ते म्हणाले, सुधारणा आहे." सासऱ्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा पिंजरा उचलला आणि माझ्या मांडीवर नीट ठेवला. "काल तर पार जवळ पोचला होतास. पण पोरा, बुलबुल खोकत नाही."